आत्या निरोगी निघाली

आमच्या घरात दुखण्याचं खातं आत्याकडे होतं आणि ते ती एकहाती सांभाळायची. सकाळी मान, दुपारी कंबर, संध्याकाळी पोटऱ्या. मधल्या वेळात ऋतुमानाप्रमाणे दाढ, टाच, डोळ्यामागची शीर. सुई बोटाला लागली तर 'आई गं' एवढं मोठं निघायचं की समोरचा पेपरवाला मान वर करून विचारायचा, "सुई का कात्री?" आवाजावरून त्याला फरक कळायला लागला होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय चौपन्न. राहायची आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, आणि जिन्याखालच्या खोलीत तिचं कपडे ऑल्टर करायचं दुकान. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, वाढलेल्या पोटांसाठी शिवण सोडवायची, उतरलेल्या पोटांसाठी पुन्हा घालायची. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "दुखणी कमी आहेत का, आणखी एक आणून घरात ठेवू?"

तिच्या बरोबर उलट आमचे बाबा. बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. डेपोत त्यांना 'दगड' म्हणायचे आणि त्यांना ते बिरुदासारखं वाटायचं. एकदा बॉनेट बोटांवर पडलं तर त्यांनी दुसऱ्या हातानं ते उचललं आणि म्हणे विचारलं, "चहा आला का?" अक्कलदाढ इंजेक्शन न घेता काढून घेतली. या गोष्टी बाबा स्वतः कधी सांगायचे नाहीत, त्यांच्यासाठी इतर लोक सांगायचे, आणि बाबा त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे. खिडकीबाहेर समोरच्यांच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

आई गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. एक सारखी बोंबलणारी, एक कधीच न बोलणारा, आणि मी, जिला अशा घरात वाढल्यावर नोकरी मिळाली ती वेदना मोजायच्या प्रयोगशाळेत. मेडिकल कॉलेजच्या तळघरात, शवागाराच्या शेजारी. मॅडम म्हणायच्या, जागा उत्तम आहे, आरडाओरडा झाला तरी शेजारी तक्रार करत नाहीत.

मॅडम आमच्या प्रमुख. त्या नवीन वेदनाशामक औषधांवर काम करायच्या. आजारी माणसाचं दुखणं रोज बदलतं, त्यात भीती मिसळलेली असते, झोप नसते, नातेवाईक असतात. म्हणून औषध आधी धडधाकट माणसांवर तपासायचं, आणि त्यासाठी त्यांना थोडंसं, मोजून, इजा न होता दुखवायचं. हे दुखवायचं काम माझं. सामान साधंच होतं. हातावर ठेवायची काडेपेटीएवढी धातूची पट्टी, ती हळूहळू तापायची. बर्फाच्या फिरत्या पाण्याचा टब. अंगठ्याच्या नखावर दाबायचं रबरी टोकाचं यंत्र. मिरचीच्या अर्काचं क्रीम. माणसाच्या हातात एक बटण द्यायचं. ते दाबलं की सगळं बंद.

कॉलेजची मुलं यायची भरपूर, पण त्यांचा भरवसा नव्हता. एकाच मुलाला सोमवारी चव्वेचाळीस अंशाला दुखायचं आणि गुरुवारी अठ्ठेचाळीसला, कारण गुरुवारी शेजारच्या खुर्चीवर त्याची मैत्रीण बसलेली असायची. त्यात मॅडमना पन्नाशी ओलांडलेली निरोगी माणसं हवी होती. ती मिळेनात. पन्नाशीनंतर फुकटचं दुखतंच आहे की, मुद्दाम कशाला दुखवून घ्यायचं, असा त्या वयाचा रास्त सवाल असतो.

मी घरी विषय काढला. बाबा लगेच म्हणाले, "मी येतो. तुझं मशीन मोडलं तर मला बोलायचं नाही."

आत्या वरून खाली आली होती, आमच्या चहात स्वतःचा चहा मिसळून पीत होती. म्हणाली, "निरोगी माणसं हवीत ना? मग माझा प्रश्नच नाही. माझ्या अंगात निरोगी असं केसांशिवाय काही नाही, आणि तेही गळतायत."

"तू ये गं नुसती," मी म्हणाले. "तपासण्या तर फुकट होतील."

यावर ती तयार झाली. पन्नास वर्षं घरच्यांनी जे मानलं नाही ते सरकारी कागदावर लिहून मिळेल, अशी तिची आशा होती.

तपासणीच्या दिवशी दोघं आली. आत्याचं आधी झालं. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सांधे, शिरा, डोळे. मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "अभिनंदन. तुम्ही एकदम ठणठणीत आहात."

आत्याचा चेहरा असा पडला, जणू कोणी तिची शिलाई उसवली. "नीट बघा," ती म्हणाली. "मान बघितली का?"

"बघितली."

"टाच?"

"तीही बघितली. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये इतके चांगले रिपोर्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत."

"मग मला दुखतं ते काय?"

मॅडमनी खांदे उडवले. "सगळ्यांना दुखतं तेच. तुम्ही सांगता, एवढंच."

बाबा कोपऱ्यात बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांची पाळी आली. हाताच्या तपासण्या ठीक झाल्या. मग मॅडम म्हणाल्या, बूट-मोजे काढा. पायाच्या जाणिवा तपासायच्या होत्या. बाबांनी उजवा मोजा काढला. डावा निघेना. त्यांनी जोर लावला.

"थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या आणि चक्क खाली बसल्या. त्यांनी बाबांचा पाय हातात घेऊन तळवा वर केला. मोज्यावर रुपेरी ठिपका चमकत होता आणि त्याच्याभोवती तपकिरी डाग. टाचणी होती. मोजा आणि पाय दोन्ही एकत्र टाचलेले.

मग आत्या पुढे झाली, वाकली आणि म्हणाली, "ही माझी आहे. काल एक कमी भरली."

आदल्या दिवशी दुपारी बाबा पँटची उंची द्यायला तिच्या दुकानात मोज्यांवर उभे राहिले होते. म्हणजे रात्रभर आणि सकाळभर टाचणी त्यांच्या तळव्यात होती. रात्री मोजे घालून झोपले, सकाळी त्यावरच बूट चढवले, वीस मिनिटं चालत बस गाठली, आमचे दोन जिने उतरले.

"काय झालंय?" बाबांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी टाचणी काढली, जखम धुतली. मग त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले. मासे पकडायच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा ताठ धागा तळव्याला एकेका जागी टेकवतात. जाणवलं की माणसानं 'हो' म्हणायचं. मॅडमनी अंगठ्याला टेकवला. बाबा म्हणाले, "हो." मॅडमनी धागा उचलून हवेत धरला. बाबा म्हणाले, "हो." मॅडम स्वस्थ बसून राहिल्या. बाबा एका लयीत हो म्हणत राहिले. पाचव्या 'हो'ला आत्यानं तोंडात पदर कोंबला, आणि ती हसत नव्हती.

रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. किती वर्षं होती कोण जाणे. बाबा डॉक्टरकडे कधी गेलेच नव्हते. ज्यांना दुखतं ते जातात, असा त्यांचा समज होता. मॅडमनी समजावून सांगितलं की साखरेनं पायाच्या नसा हळूहळू मरतात, आधी बोटांच्या, मग वर. बाबांना अभ्यासात घेता येणार नव्हतं. उद्यापासून त्यांनी वरच्या मजल्यावर बाह्यरुग्ण विभागात यायचं होतं.

बाबा मोजा हातात धरून तो खूप वेळ सरळ करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी सहन करत नव्हतो?"

"पायाचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्या गोड करून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आणि दाढ? ती तर तीस वर्षांपूर्वीची."

"ते मला कसं माहीत असेल? तुम्हीच सांगा. दुखली होती?"

बाबांनी दाराकडे बघितलं. तिथं खिडकी नव्हती, म्हणून असेल. म्हणाले, "दुखली होती. फार. दोन दिवस डोळ्यासमोर अंधारी यायची."

"आणि बोटं?" आत्यानं विचारलं. "बॉनेट पडलं तेव्हाची?"

"तीही."

"मग ओरडला का नाहीस रे दादा?"

"तू ओरडत होतीस की," बाबा म्हणाले. "एका घरात किती जणांनी ओरडायचं?"

आत्या खाली बसली आणि त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधू लागली. बाबांनी पाय मागे घेतला, तिनं तो पुढे ओढला.

मला वाटलं होतं, एवढ्या प्रकारानंतर आत्या काही पुन्हा येणार नाही. पण ती पुढच्याच आठवड्यात हजर झाली. म्हणाली, "निरोगी ठरवलंत ना मला? आता भोगा."

पहिल्या दिवशी तापणारी पट्टी. दुखायला लागलं की बटण दाबायचं. तिनं चव्वेचाळीस पूर्णांक तीनला दाबलं. पुन्हा केलं, चव्वेचाळीस पूर्णांक दोन. चार दिवसांनी, चव्वेचाळीस पूर्णांक तीन. आमच्याकडच्या सगळ्यांची सरासरी काढली तर हाच आकडा येत होता. ज्या बाईनं आयुष्यभर घर डोक्यावर घेतलं तिचं कातडं हुळहुळं वगैरे काही नव्हतं. अगदी मधोमध होतं. पण एकदा दिलेला आकडा ती हलवायची नाही. मूड कसाही असो, शेजारी कोणीही बसो. पस्तीस वर्षं टेप लावून लोकांच्या कमरा मोजल्या होत्या, त्यातही माणसं पोट आत ओढून फसवायला बघतात. तिला न फसण्याची सवय होती.

"ही बाई आहे की मशीन?" मॅडम म्हणाल्या.

"शिलाईचं," आत्या म्हणाली.

बर्फाच्या पाण्याच्या दिवशी मात्र मी घाबरले होते. मनगटापर्यंत हात बुडवायचा, सहन होईल तेवढा वेळ ठेवायचा, तीन मिनिटांना आम्हीच काढायला लावतो. व्यायामशाळेत अंग कमावलेली मुलं चाळिसाव्या सेकंदाला हात झटकतात. आत्यानं हात बुडवला आणि दुसऱ्याच सेकंदाला सुरुवात केली. "आई गं! अगं आई आई आई! कातडीला झोंबलं. हां, आता आत उतरलं. अगंगं, हाडात गेलं गं, हाडात! आता करंगळीतून कळ निघाली, कोपराकडे चाललीय. मेले मी मेले!"

शवागारातला कर्मचारी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आमच्याकडे पाठवायचंय का कोणाला?"

मी घाईघाईनं म्हणाले, "आत्या, काढ हात. काढला तरी चालतो."

ती माझ्याकडे चकित होऊन बघायला लागली. "काढू कशाला? दुखतंय म्हणून सांगतेय. थांबवा म्हणून कुठे म्हटलं?"

आणि तीन मिनिटं पूर्ण होईपर्यंत तिनं हात काढला नाही, तोंडही मिटलं नाही. मॅडमनी ते सगळं बोलणं लिहून घेतलं.

खरी गंमत झाली ती फॉर्मवरून. प्रयोग संपला की माणसाला एक यादी द्यायची, दुखणं कोणत्या प्रकारचं होतं ते त्यानं खुणेनं दाखवायचं. ही यादी कोणीतरी कधीतरी परक्या भाषेतून शब्दाला शब्द ठेवून उतरवली होती. आम्ही ती वर्षानुवर्षं वाटत होतो, आणि लोक निमूटपणे कुठेतरी खूण करून सुटत होते. आत्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"कंटाळवाणी वेदना. म्हणजे?"

"म्हणजे... मंद दुखतं ना, तसं," मी म्हणाले.

"कंटाळवाणा आपला तिसऱ्या मजल्यावरचा वकील आहे. दुखणं कधी कंटाळवाणं असतं का? जागं ठेवतं ते माणसाला." तिनं बोट खाली सरकवलं. "गोळी झाडल्यासारखी वेदना. कोणाला इथं गोळी लागलीय? हात वर करा. पुढे बघ, शिक्षा देणारी वेदना. मी काय गुन्हा केला?"

मॅडम आतून बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "मग तुम्ही काय म्हणाल?"

"आज मिरचीचं क्रीम लावलंत. लावलं तिथं आधी चुरचुरलं, मग झोंबलं, मग आग झाली. बाजूला जिथं लावलंच नव्हतं तिथं तुम्ही कापूस फिरवलात तर हुळहुळलं. या चार गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या कागदावर सगळ्याला मिळून एकच चौकोन आहे, 'जळजळणारी'. जळजळ पोटात होते."

"आणि अंगठा दाबला तेव्हा?"

"दाबला तेव्हा नुसतं दुखलं. सोडल्यावर ठणका लागला. ठणका म्हणजे नाडीबरोबर, ठण् ठण्. ठसठस त्याच्यापेक्षा हलकी, तिला आत पू हवा. सल म्हणजे काटा मोडलाय आणि बाहेर काही दिसत नाही. चमक येते आणि जाते, कळ येते आणि बसते. आणि दाढेतून डोक्यात जाते ती सणक, तुमची ती गोळी झाडणारी. एवढं कसं माहीत नाही तुम्हाला? तुम्ही डॉक्टर ना?"

मॅडमनी खुर्ची ओढली. त्या दिवशी पुढचे दोन प्रयोग रद्द झाले. आत्या बोलत होती, मॅडम लिहीत होत्या, मी चहा आणत होते. आत्याच्या तोंडून चौसष्ट शब्द निघाले. मॅडमनी मग ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, आणि पुढच्या काही महिन्यांत जो जो येईल त्याला ते तुकडे सौम्य ते भयंकर असे ओळीत लावायला सांगितले. धुणं धुणारी, हमाल, शिक्षिका, ड्रायव्हर, प्राध्यापक, कोणीही असो. ओळी जवळपास सारख्या लागत होत्या. भांडण फक्त 'तिडीक' या शब्दावर झालं. अर्धे लोक म्हणाले ती डोक्यात जाते, अर्धे म्हणाले ती डोक्यातूनच येते, विशेषतः साहेबाला बघून.

घरी तिकडे बाबांची टाचणीची जखम चिघळली होती. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, असं म्हणतात. बाबांचं आलं तेच पाऊल न वाजवता. जखम भरायला साडेतीन महिने लागले. पाय वर करून बसायचं, बूट खास करवून घेतलेले, रोज गोळ्या, आणि रोज संध्याकाळी दोन्ही तळवे तपासायचे. डॉक्टरांनी त्यासाठी आरसा वापरायला सांगितला होता. बाबांनी दोन दिवस आरशात पाहिलं आणि म्हणाले, पोट मधे येतं. तेव्हापासून ते काम आत्यानं घेतलं.

संध्याकाळी दुकान बंद करून ती यायची, बाबांसमोर स्टूलवर बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि चष्म्यातून एकेक बोट वेगळं करून बघायची, जसं कापडात कसर शोधावी. अंघोळीच्या पाण्यात आधी तिचा कोपर जायचा, मग बाबांचा पाय. आणि हे सगळं मुकाट्यानं करेल तर ती आत्या कसली.

"इथं लाल झालंय. नवा बूट चावला बघ तुला. आई गं!"

"तू का ओरडतेस?" बाबा म्हणायचे. "पाय माझा आहे."

"तुझा पाय मुका आहे. कोणीतरी बोललं पाहिजे."

एकदा बाबांनी स्वतःहून सांगितलं, "धाकटे, आज मान दुखतेय." आत्या इतकी खूश झाली की वरून स्वतःची शेकायची पिशवी, दोन तेलं आणि एक पट्टा घेऊन आली, आणि मानेवर त्यातलं काय काय लावायचं यावरून त्यांचं तासभर भांडण झालं.

त्या वर्षाच्या शेवटी मॅडमच्या औषधाचा खरा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना औषधाचं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं, पण आत औषधच नसलेलं. कोणाला कोणतं हे आम्हालाही माहीत नव्हतं. तसं असू शकतं याची कल्पना सगळ्यांना आधीच दिली होती, आत्यानं तर तो कागद दोनदा वाचला होता. मिरचीच्या क्रीमनं हात पेटला की वर हे मलम लावायचं. शंभरपैकी किती दुखतंय असं विचारलं, तर आत्याचा आकडा अठ्ठावन्नवरून एकतीसवर आला. ती मशीन असल्यामुळे आमचा त्यावर पूर्ण विश्वास. मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं.

अभ्यास संपला, कोणाला काय दिलं त्याची बंद पाकिटं उघडली. आत्याला मिळालं होतं ते बिनऔषधाचं.

मॅडमनी तिला बोलावून सांगितलं. मला वाटलं आता ही चिडणार, फसवलंत म्हणणार. आत्यानं नीट ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे त्यात काही नव्हतं?"

"काही नाही."

"आणि तरी माझं दुखणं अर्ध्यावर आलं."

"आलं. तसं होतं. तुमच्याच मेंदूनं कमी केलं."

आत्यानं थोडा विचार केला. "मग त्या 'काही नाही'ची एक ट्यूब द्या मला. घरी लागते."

मॅडम हसत सुटल्या. ट्यूब काही नियमात बसेना, म्हणून दिली नाही. आत्या आठवडाभर धुसफुसत होती, की यांच्याकडे औषध नाही ते नाही, औषध नसलेलंही देत नाहीत.

पण मॅडमनी दुसरंच काहीतरी केलं. कॉलेजात एक नीतिसमिती आहे. माणसांवर करायचा कोणताही प्रयोग आधी तिच्यापुढे ठेवावा लागतो. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि नियमाप्रमाणे ज्याचा डॉक्टरकीशी काडीचाही संबंध नाही असा एक साधा माणूस लागतो. ती जागा आठ महिने रिकामी होती. आधीचे गृहस्थ सगळ्याला मान डोलवायचे, आणि बऱ्याच उशिरा लक्षात आलं की त्यांना ऐकू कमी येतं. मॅडमनी आत्याचं नाव सुचवलं. अट एकच, आमच्या प्रयोगशाळेचा विषय निघाला की तिनं बाहेर जाऊन बसायचं.

पहिल्या बैठकीला ती स्वतः शिवलेला कोट घालून गेली. मी आत नव्हते. पुढचं मला समितीच्या कारकुनानं सांगितलं आणि आत्यानं त्यात दुरुस्त्या केल्या.

विषय भूलतज्ज्ञांचा होता. दंडाला हवेचा पट्टा करकचून बांधायचा, रक्त थांबवायचं, मुठीत स्प्रिंग देऊन ती वीस वेळा दाबायला लावायची आणि मग दुखणं कसं वाढत जातं ते मोजायचं. माणसांना वाचायला द्यायच्या कागदावर लिहिलं होतं, 'सहभागी व्यक्तीस किंचित अस्वस्थता जाणवू शकते.'

आत्यानं हात वर केला. "किंचित म्हणजे किती?"

"म्हणजे थोडीशी," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"थोडीशी म्हणजे?"

"सहन होण्याजोगी."

"कोणाला?"

भूलतज्ज्ञांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, आणि कारकुनाच्या म्हणण्याप्रमाणे कित्येक महिन्यांत प्रथमच जागे दिसत होते.

"तुम्ही बांधून बघितलाय का पट्टा?" आत्यानं विचारलं.

"हे बघा, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे."

"जगाला नाही विचारलं मी. तुम्हाला विचारलं."

अध्यक्ष म्हणाले, प्रश्न वाजवी आहे, आणि उपकरण तर वरच्याच मजल्यावर असेल. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. शिपाई पट्टा घेऊन आला. भूलतज्ज्ञांनी बाही वर केली, हसत हसत पट्टा बांधून घेतला, स्प्रिंग वीस वेळा दाबली आणि आपलं सादरीकरण पुढे चालू केलं. दुसऱ्या मिनिटापर्यंत ते हसत होते. चौथ्या मिनिटाला वाक्यं तुटायला लागली. सहाव्याला त्यांनी पडद्याकडे बघणं सोडून दिलं आणि कपाळ पुसलं.

आत्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या हातात पेन्सिल होती. "काय होतंय? भरून आलंय का ठणकतंय?"

"दोन्ही," ते म्हणाले.

"बोटं?"

"बोटं फुटतील असं वाटतंय. सोडा हो आता."

पट्टा लगेच सोडला. आत्यानं लिहून घेतलेला कागद टेबलावर सरकवला. म्हणाली, "हेच छापा की. तुमचंच बोलणं आहे."

भूलतज्ज्ञ नाराज होते. असलं काही वाचून एक माणूस यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण समितीनं अट घातली आणि पुढच्या बैठकीला कागद बदलून आला. 'हात आधी जड होईल, मग भरून येईल, मग ठणकेल. बोटं फुटतील असं वाटेल. फुटत नाहीत. थांबवा म्हणालात की पट्टा त्याच क्षणी सुटेल. नुसतं ओरडलात तर सुटणार नाही.'

त्याखाली आत्यानं सही केली. भूलतज्ज्ञांना तीस माणसं हवी होती. दीड महिन्यात एकेचाळीस आली.